स्वाहिली सिनेमातली पोरं अभिनय करत नाहीत, मग आमचे काकाच का करतात?

सत्तरीचा_बाब
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगतो, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात मित्राच्या घरी सोल बॉय नावाचा केनियाचा, स्वाहिली भाषेतला पिक्चर बघितला. २०१० चा, जेमतेम तासाभराचा, हावा एसुमान नावाच्या दिग्दर्शिकेचा, नैरोबीच्या किबेरा वस्तीत केलेला. पत्र्याची घरं, चिखल, मधूनच जाणारी रेल्वेलाईन आणि त्यात चौदा वर्षांचा अबिला. एका सकाळी त्याचा बाप आजारी पडलेला, म्हणतो माझा आत्मा एका बाईने चोरला. पोरगा त्या बाईला शोधून काढतो आणि ती त्याला सात कामं सांगते, रात्र संपायच्या आत करायची. सोबत शिकू नावाची मैत्रीण. बस एवढंच. आता देवचाराच्या, म्हणजे गावच्या राखणदार भुताच्या, गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार, मी तर पहिल्या दहा मिनिटांत आमच्या वाड्यावरच पोचलो.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्यात काम करणारी पोरं तिथलीच, नट नव्हेत, आणि एकही पोरगं नाटक करतंय असं वाटत नाही. बोलतात, धावतात, खोटं बोलतात, घाबरतात, सगळं आपलं घरचंच.

आता माझं दुखणं. मला वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म करायचीय, आमच्याच गावात, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या अलीकडे. कॅमेरा आहे, दोन मित्र आहेत, एकूण बजेट चाळीस हजार, त्यात जेवण आलं. मुख्य भूमिकेला शेजारचे काका घेतलेत, वीज खात्यातून रिटायर झालेले, स्वतःचं कुळागर म्हणजे सुपारीची बाग आहे, चेहरा असा की कॅमेरा हलवू नये. सीन असा: काका पडवीत सुपारी सोलत बसलेत, मुलगा पणजीहून ड्युटी करून येतो, आणि काका त्याला सांगतात, "कुळागर विकलं. आज सही करून आलो."

झालं. काका गेली तीस वर्षं जत्रेच्या नाटकात राजा करतात. पहिल्याच रिहर्सलला सुपारी बाजूला, उजवा हात छातीवर, नजर दूर शेवटच्या रांगेकडे (समोर म्हशीचा गोठा आहे), आणि "कु ळा गर..." म्हणून असे थांबले की मागून पेटीवाला सूर धरणार. मी म्हटलं काका, घरी बोलता तसं बोला, एकदम नॅचरल. तर त्यांनी नॅचरल असण्याचा अभिनय सुरू केला, तो पहिल्यापेक्षा भयंकर.

तर प्रश्न: ते लोक हे करतात कसं? काही युक्ती असते का? की पणजी-फोंड्याचा शिकलेला नट आणावा आणि गप्प बसावं?

क्लॅप_शेवटी
बाब, मी साउंड करतो, लोकांच्या फिल्मवर जातो, त्यामुळे दिग्दर्शकांना रडताना जवळून बघितलंय. तुझं दुखणं कॉमन आहे.

आधी एक गैरसमज काढ. किबेरात कोणीतरी कॅमेरा घेऊन शिरलं आणि पोरांनी आपोआप काम केलं असं झालेलं नाही. सोल बॉय वर्कशॉपमधून आलेली फिल्म आहे. टॉम टिक्वर हा जर्मन दिग्दर्शक आणि त्याची वन फाईन डे फिल्म्स, यांनी केनियातल्या नव्या लोकांना अनुभवी तंत्रज्ञांच्या जोडीला बसवून ती केली. त्याच वाटेने २०१२ ला नैरोबी हाफ लाईफ आली, केनियाने ऑस्करला पाठवलेली पहिली फिल्म. म्हणजे पडद्यावर जे "सहज" दिसतं ते सहज झालेलं नसतं, त्यामागे तालमी असतात, फक्त त्या वाक्यांच्या तालमी नसतात. पोरांना एकमेकांची, जागेची, कॅमेऱ्याची सवय होईपर्यंत थांबायचं असतं आणि तेवढं थांबायला आपल्याकडे कोणाला वेळ नसतो, सगळ्यांना रविवारी शूट उरकून सोमवारी ऑफिस.

आता युक्त्या विचारल्यास म्हणून सांगतो.

ॲक्शन म्हणू नकोस. ॲक्शन म्हटलं की काका पडदा उघडल्यासारखे ताठ होणार. कॅमेरा आधीच चालू ठेव, गप्पा मारता मारता सीनमध्ये घुस, आणि क्लॅप शेवटी मार, क्लॅपची पाटी उलटी धरून. माझं नाव त्यावरूनच पडलंय. कागद देऊ नकोस, काय घडतंय तेवढं सांग. कॅमेरा लांब ठेव आणि झूम लेन्स लाव, तोंडासमोर काच आली की माणूस फोटोला बसतो. हाताला खरं काम दे, खोटं नको, म्हणजे सुपारी सोलतायत तर संपवायची टोपली समोर पाहिजे, संध्याकाळपर्यंत एवढी झालीच पाहिजे अशी. आणि टेकमागून टेक तंतोतंत तसंच होईल ही आशा सोड, शक्य असेल तर दोन कॅमेरे लाव, नाहीतर एडिटला बसशील तेव्हा एका शॉटमध्ये सुपारी डाव्या हातात आणि दुसऱ्यात उजव्या.

आवाजाचं मात्र माझं ऐक, पडवीच्या पत्र्यावर एक जरी शिंतोडा पडला तरी कुठलाही माईक तुला वाचवणार नाही. शूट पावसाच्या आधी उरक. आणि देवळाच्या लाऊडस्पीकरवाल्याला आधी भेट, हात जोड.

अजून एक, सुपा मोडो बघ, २०१८, लिकारिओन वाइनाइना. जो नावाची आजारी पोरगी, सुपरहिरोंची वेडी, आणि तिच्यासाठी अख्खं गाव मिळून सिनेमा करतं. तुझ्या गावाला एकत्र बसवून दाखव, अर्धं काम तिथेच होईल.

उगाच_एक
मी नेहमीप्रमाणे पाणी ओतायला आलोय.

नवख्यांना घेऊन सिनेमा करणं ही आता फॅशन झालीय. २०१३ ला व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्या सिनेमाचं बक्षीस, लायन ऑफ द फ्युचर म्हणतात ते, व्हाईट शॅडोला मिळालं. नोआझ देशे हा बाहेरचा दिग्दर्शक, गोष्ट टांझानियाची, स्वाहिलीत, अंगात रंगद्रव्य नसलेल्या अल्बिनो पोराची, ज्यांना तिथे अवयवांसाठी मारतात. बहुतेक मंडळी नवखी. पुढच्याच वर्षी, २०१४ ला, तेच बक्षीस कोणाला? आपल्या चैतन्य ताम्हाणेच्या कोर्टला. त्यातही अर्धी माणसं कधी कॅमेऱ्यासमोर न गेलेली. झालं, तेव्हापासून प्रत्येक पोराला वाटतं की शेजारचा काका उचलला की व्हेनिस.

पण कोर्ट नीट बघा. नारायण कांबळे या शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार हे चळवळीतले, विद्रोही मासिकाचे संपादक होते, सभेत बोलणं आणि गाणं हे त्यांचं रोजचंच होतं. सरकारी वकील मात्र गीतांजली कुलकर्णी, पक्की तयारीची नटी. नवखे आणि मुरलेले एकत्र ठेवलेत आणि कोण कुठला हे कळू दिलेलं नाही, खरी करामत ती आहे. थिथी घ्या, कन्नड, २०१५, मंड्याजवळच्या नोडेकोप्पलू गावातली माणसं. लिहिणारा ईरेगौडा त्याच गावचा, त्याने ओळखीच्या माणसांवरूनच पात्रं केली. तुम्ही उलट करताय, पात्र आधी लिहिलंत आणि काकांना त्यात कोंबताय.

आणि पैशाचं काय? चाळीस हजारात काकांचे किती? कॅमेरावाल्याला भाडं, गाडीला पेट्रोल आणि ज्याच्या तोंडावर पिक्चर उभा त्याला शाल आणि नारळ? वस्तीतल्या पोरांना घेऊन सिनेमा होतो, महोत्सवात टाळ्या पडतात, दिग्दर्शक विमानाने पुढच्या महोत्सवाला आणि पोरगं परत त्याच पत्र्याखाली. हा प्रश्न सगळीकडचा आहे. सत्तरीतही आहे.

सत्तरीचा_बाब
@उगाच_एक पैशाचं लागलं, खरं सांगतो. मी "काका घरचेच" असं धरून चाललो होतो. पाच हजार ठरवतोय, आधी देणार. @क्लॅप_शेवटी पाटीची आयडिया करून बघतो.

नैरोबीची_सून
मी सहसा रेसिपीच्या धाग्यावर असते पण आज स्वाहिली शब्द दिसला म्हणून शिरले. माझ्या सासूबाईंचा जन्म नैरोबीचा. आजेसासरे रेल्वेत क्लार्क होते, गोव्याचे खूप लोक होते तिकडे, क्लार्क, शिंपी, खानसामे, फोटोग्राफर, त्यांचे क्लब, त्यांच्या शाळा. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातला पियो गामा पिंटो गोव्याचाच, २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत गोळ्या घालून मारला त्याला. आमची मंडळी त्यानंतर दोनेक वर्षांत परत आली. सासूबाई आता पंच्याऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेत, पण मोजायचं झालं की अजून मोजा, म्बिली, टाटू.

त्यांना मी तुमचा सोल बॉय लॅपटॉपवर दाखवला. आत्मा चोरणाऱ्या त्या बाईचं न्यावावा हे नाव ऐकल्याबरोबर ओरडल्या, अगं ही लुओंची! व्हिक्टोरिया सरोवराकाठचे लुओ लोक रात्री न्यावावा नावाची भुतं वस्तीवरून जातात म्हणून भांडी आणि दारं बडवतात, आपण ग्रहणाला ताटं बडवायचो तसं. मग सगळा पिक्चर होईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू, त्याखाली सिनेमा.

त्या सबटायटल्सवर मात्र फार चिडतात. एक म्हणजे वेळ. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे साआ मोजा, पहिला तास. त्यामुळे माणूस तोंडाने म्हणतो दोन आणि खाली लिहून येतं आठ, आणि सासूबाई म्हणतात बघ, चुकवलं. चुकवलेलं नसतं, पण तो "दोन" गेला तो गेलाच. दुसरं शिकामू. मोठ्या माणसाला लहानाने म्हणायचं, मूळ अर्थ पाय धरतो असा, आणि मोठ्याने मराहाबा म्हणायचं. टांझानिया, झांझिबारकडे याशिवाय घरात पाऊल नाही. खाली येतं "हॅलो". आता आपल्या सिनेमात सून वाकून पाया पडली आणि खाली हॅलो आलं तर?

शब्द म्हणाल तर अर्धं घर आपलंच आहे. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, पेसा, बिमा म्हणजे विमा, बांगिली, साबुनी, सेरिकाली म्हणजे सरकार, मेझा म्हणजे मेज. आणि पेरा म्हणजे पेरू! आपण गोव्यात पेर म्हणतो ना, तोच, पोर्तुगीज दोन्हीकडे टाकून गेले. सगळ्यात मजा किताबुची. अरबीतून किताब घेतला आणि त्यातल्या "कि"ला आपला प्रत्यय समजून अनेकवचन केलं विताबु. भाषा अशी पाहिजे, आलेल्या पाहुण्याला घरचे कपडे घालणारी.

आता बाब, तुमच्या काकांबद्दल. मी नाटकातली नाही, सिनेमातली तर नाहीच, पण एक विचारते. काका घरात कुठल्या भाषेत बोलतात? तुम्ही संवाद दिलात मराठीत. सत्तरीतला माणूस बायकोशी, म्हशीशी, सुपारीच्या व्यापाऱ्याशी कोंकणीत बोलतो आणि मराठी त्याला येते ती भजनात, पेपरात आणि रंगमंचावर. तीस वर्षं मराठी म्हटली की मुकुट, तलवार आणि राजाचं सिंहासन. तुम्ही त्यांना मराठी वाक्य दिलंत तेव्हाच त्यांना स्टेजवर चढवलंत, मग खाली या, खाली या म्हणून ओरडताय!

सासूबाईंकडे एक म्हण आहे तिकडची, स्वाहिली झांझिबारात जन्मली, टांझानियात वाढली, केनियात आजारी पडली आणि युगांडात मेली. कारण पुस्तकातली शुद्ध स्वाहिली झांझिबारच्या बोलीवरून केलेली, आणि नैरोबीतली पोरं बोलतात ती शेंग, स्वाहिलीत इंग्रजी आणि घरच्या भाषांची भेळ. अबिलाच्या तोंडी जर रेडिओवरच्या बातम्यांची स्वाहिली दिली असती तर तो पोरगाही तुमच्या काकांसारखाच छातीवर हात ठेवून उभा राहिला असता. मला तर वाटतं नटांच्या निवडीआधी बोलीची निवड असते.

पेडणेकर_७
ओ वहिनी, एक मिनिट. मराठी फक्त स्टेजची भाषा हे कोणी ठरवलं? आमच्या पेडण्यात घराघरात मराठी वाचली जाते, आजीची ओवी मराठीत, पत्र मराठीत, हिशेब मराठीत. आणि आम्ही बोलतो त्यात मालवणी किती, कोंकणी किती आणि मराठी किती हे मोजायला कोणी काटा आणलाय का? बाबने मराठी सिनेमा केला तर बिघडलं काय?

नैरोबीची_सून
भाऊ, रागावू नका, मी पण मराठीतच लिहितेय ना इथे. मराठीला कमी लेखत नाहीये. उलट म्हणतेय की काकांची मराठी इतकी भारदस्त आहे की ती पडवीत मावत नाही. तुमच्या गावचे आजोबा घेतले असते तर कदाचित मराठीतच सीन झाला असता. माणसागणिक बघायचं.

धाग्यावर_लक्ष
कोंकणी-मराठी भाषावादासाठी वेगळा धागा आहे, १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून चालू आहे, तिकडे जा. इथे काकांवर बोला.

क्लॅप_शेवटी
वहिनींनी जे सांगितलं ते मला वीस फिल्म करून कळलं नव्हतं, लाज वाटली थोडी. आठवलं आता, एका शूटला एक आजी टेकमध्ये दगड आणि चहाच्या वेळी नुसती फुलबाजी, आणि आम्ही म्हणायचो कॅमेऱ्याला घाबरते. कॅमेऱ्याला नाही हो, आम्ही दिलेल्या वाक्याला घाबरायची.

फँड्रीत नागराज मंजुळेंना सोमनाथ अवघडे हलगी वाजवताना दिसला, तो त्याच्या बोलीतच राहिला म्हणून तो जब्या झाला. पुण्याची मराठी दिली असती तर मेलाच होता.

एक मात्र सांगतो, नाटकवाल्याला उगाच शिव्या नकोत. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं हे कसब आहे. केनियात डीजे आफ्रो म्हणून एक जण आहे, परदेशी पिक्चरवर, आपल्या हिंदी मारधाडीवरसुद्धा, स्वाहिलीत धावतं वर्णन करतो, लोक मूळ पिक्चरपेक्षा त्याच्यासाठी बघतात. काकांना कधी तसं काम दे, फाडतील. पण पडवीच्या सीनमध्ये नको.

सत्तरीचा_बाब
अपडेट देतो. तीन आठवडे गेले, उशीर झाला, मधे काजूचा सीझन, घरी सगळे बागेत.

कागद फाडला. पाच हजार काकूंच्या हातात दिले (काकांनी घेतले नाहीत, काकूंनी लगेच घेतले). कॅमेरा गोठ्याच्या बाजूने लांबून लावला, दोन टोपल्या सुपारी समोर, आणि मुलाचं काम करणाऱ्या मित्राला सांगितलं तू फक्त येऊन बस आणि कोंकणीत विचार, आज कुठे गेला होता. ॲक्शन नाही, काही नाही.

चाळीस मिनिटं रेकॉर्ड झालं. काय सांगू. छातीवरचा हात गेला, कारण दोन्ही हातांत सुपारी. काका बोलायला लागले ते कोळेरोगावर, गेल्या पावसात कशी सगळी सुपारी गळली, बोर्डोचं औषध मारायला माणूस मिळत नाही, माडावर चढणारा पाडेली आता महिन्या महिन्याने येतो, आला तर मोबाईलवर बोलत चढतो, वरून माकडं, खालून रानडुकरं. मधेच हसले, मधेच मित्राला म्हणाले तुला काय त्याचं, तू पणजीत एसीत. हे मी लिहिलेलं नव्हतं हो! मी लिहिलं होतं "कुळागर माझा प्राण होता", आता वाचताना कान गरम होतात.

आणि मग आलं ते वाक्य. विकलं म्हणायचं होतं. काका थांबले, सुपारी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, सरळ कॅमेऱ्यातच, आणि म्हणाले, हे मी म्हणणार नाही.

मला वाटलं थकले. दुसऱ्या दिवशी परत. नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं खरं काय ते. संध्याकाळच्या वेळी, स्वतःच्या पडवीत बसून, स्वतःच्या कुळागराबद्दल असं बोलायचं नसतं, वास्तू तथास्तु म्हणते. स्टेजवर हे राज्य हरले, वनवासाला गेले, दोनदा मेलेसुद्धा, तेव्हा चाललं कारण तिथे ते राजा होते. इथे ते स्वतः आहेत. वर गावात आधीच बोभाटा झालाय, काकांच्या पुतण्याचा मुंबईहून फोन आला, कुळागर काढलंत काय, भाव काय लागला, माझा हिस्सा?

म्हणजे मी त्यांना अभिनय विसरायला लावला आणि ते खरंच विसरले. आता काय करू?

उगाच_एक
हाहा. मला पहिल्यांदाच तुमचा पिक्चर बघावासा वाटतोय. काकांचं शंभर टक्के बरोबर आहे. त्यांना जबरदस्ती करू नका, गोड बोलून काढूनही घेऊ नका, आणि चोरून शूट केलेलं जोडतोड करून "विकलं" असं तर मुळीच दाखवू नका. पुतण्याला फोन करून सांगा सिनेमा आहे म्हणून, तो तुमचा खर्च.

पेडणेकर_७
दुसऱ्याच्या कुळागरात जाऊन शूट करा ना. पडवी दुसरी, झाडं दुसऱ्याची. मग म्हणतील.

नैरोबीची_सून
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या वाक्य काकूंना द्या. पण मला वाटतं काकांनाच विचारा, तुम्ही काय म्हणाल ते तुम्हीच सांगा. त्यांनी एवढा कोळेरोग फुकट दिला तुम्हाला, एक वाक्य नाही देणार?

झांझिबारची एक फिल्म आहे वुटा न्कुवुटे, अमिल शिवजीची, २०२१, आदम शफी यांच्या कादंबरीवरून. १९५० च्या दशकातली गोष्ट, यास्मिन नावाची भारतीय घरातली मुलगी म्हाताऱ्या नवऱ्याकडून पळून येते. सासूबाई तीनदा बघून बसल्यात. दरवेळी म्हणतात आमच्या घरी पण अशी एक होती, नाव मात्र सांगत नाहीत. तोंडावर आलेलं नाव गिळतात, मला दिसतं गिळताना. ते कुठल्या नटीला जमेल सांगा.

सत्तरीचा_बाब
विचारलं. काल रात्री, जेवणानंतर, कॅमेरा घरी ठेवून गेलो होतो.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले विकलं म्हणणार नाही, पण गहाण म्हणतो. मी म्हटलं गहाण का? तर म्हणाले कारण गहाण पडलंच होतं एकदा. मोठ्या मुलीच्या लग्नाला. सात वर्षं लागली सोडवायला, त्या सात वर्षांत सुपारी सोलली ती सगळी दुसऱ्याची म्हणून सोलली. मुलाला अजून माहीत नाही. मी त्यांच्या दाराशी लहानाचा मोठा झालो, मला माहीत नव्हतं, आमच्या घरात कोणालाच नव्हतं.

मी लगेच म्हटलं काका, मग हे सिनेमात नको, मुलगा बघेल ना. तर म्हणाले, बघू दे की. तोंडावर सांगायला जमलं नाही, असं तरी कळेल. आणि काकू आतून भांडी घासता घासता म्हणाल्या, आणि तो विचारेल तेव्हा मीच जाणार काय उत्तर द्यायला?

तर आता सगळी गोष्टच बदलायला लागणार. विकण्यावर शेवट होता, तो गेला. मुलगा पणजीहून येतो तिथून सुरुवात तीच राहील बहुतेक. लिहीत बसलोय पण खरं तर लिहायचं किती आणि सोडायचं किती कळत नाहीये. काकांनी एक अट घातलीय, त्यांच्या खऱ्या मुलाला आधी एकट्याला दाखवायचं, मग गावाला.

क्लॅप_शेवटी
ती अट कागदावर लिहून घे, तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. आणि साउंडला मी येतो, फुकट येतो, फक्त जेवण आणि थोडी हुर्राक (काजूची ताजी दारू) उरली असेल तर. मे संपायच्या आत तारीख सांग. नंतर मग झांझिबारला पाठवू, तिथे दरवर्षी महोत्सव असतो, धाऊ देशांचा म्हणतात, धाऊ म्हणजे शिडाचं गलबत, म्हणजे हिंदी महासागराच्या काठावरचे सगळे आले त्यात, आपण पण. स्टोन टाऊनच्या जुन्या किल्ल्यात उघड्यावर दाखवतात, पोर्तुगीजांच्या चर्चच्या जागेवर अरबांनी बांधलेला किल्ला, म्हणजे आपल्याला घरच्यासारखंच. आपल्या पणजीच्या इफ्फी महोत्सवाला नोव्हेंबरात पास काढून रांगेत उभं राहण्यापेक्षा बरं.

उगाच_एक
आधी शूट तर करा.

सत्तरीचा_बाब
मेच्या दुसऱ्या आठवड्यात धरतोय, शनिवार-रविवार. @पेडणेकर_७ तुमच्याकडे दुसरा कॅमेरा आहे म्हणाला होता ना कुठल्यातरी धाग्यावर?

पेडणेकर_७
आहे. बॅटरी एकच आहे पण. येतो.

नैरोबीची_सून
सासूबाई विचारतायत गावाला दाखवणार ते कुठे? देवळाच्या सभामंडपात असेल तर येतील म्हणतात, पंचायतीच्या हॉलला जिना आहे.